वारस नोंदीचे तेरा महिने

गेल्या आठवड्यात पलीकडच्या गल्लीतली एक मुलगी घरी आली होती. तिचा नवरा जाऊन दोन महिने झालेत. "वारस नोंद कशी करतात?" म्हणजे माणूस गेल्यावर त्याच्या जमिनीवर वारसांची नावं कशी लावतात, एवढंच विचारायला आली आणि तीन तास बसली. ती गेल्यावर मी माझी तारखांची वही काढून पुन्हा वाचली आणि ठरवलं, एकदा सगळं ओळीनं लिहून टाकू. मी काही जाणकार नाही. बारावी झालेली, ब्लाउज शिवणारी बाई आहे. पण कोणत्या टेबलावर किती वेळ जातो हे मला आता ठाऊक आहे.

आम्ही मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो. मिस्टरांचा छोटा टेम्पो होता. सासरचं गाव इथून चोवीस किलोमीटर. तिथं थोरले दीर, जाऊबाई आणि सासूबाई. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. गावाला साडेचार एकर जमीन, म्हणजे एकशे ऐंशी गुंठे. सासऱ्यांनी स्वतः कष्टानं विकत घेतलेली. सोयाबीन आणि तूर निघते, पाऊस धड झाला तर. सातबाऱ्यावर नावं दोनच, थोरल्या दिरांचं आणि माझ्या मिस्टरांचं.

११ नोव्हेंबर २०२२ ला मिस्टर गेले. छातीत दुखतंय म्हणाले, जिल्ह्याच्या ठिकाणी दवाखान्यात नेलं, सकाळपर्यंत राहिले नाहीत. वय एकोणचाळीस. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती.

त्या दिवसांचं मी फार लिहिणार नाही. एकच सांगते. त्याच वर्षी मे महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला होता आणि ती बातमी आम्ही दोघांनी मिळून वाचली होती. मिस्टर म्हणाले होते, "बरं झालं." दहाव्याला माझ्या बांगड्या फोडताना ते "बरं झालं" माझ्या कानात होतं. बोलले मात्र काहीच नाही.

पहिला कागद म्हणजे मृत्यूचा दाखला. मृत्यू जिथं होतो तिथली नगरपालिका किंवा ग्रामपंचायत तो देते, राहत्या गावची नाही. हे माहीत नसल्यानं माझ्या दोन चकरा फुकट गेल्या. दाखला हातात आला तर सासऱ्यांच्या नावातलं एक अक्षर चुकलेलं. दुरुस्तीसाठी प्रतिज्ञापत्र केलं, शंभरचा स्टँप आणि टायपिंगचे अडीचशे. नंतर कळलं की सरकारी कामासाठीच्या प्रतिज्ञापत्राला स्टँप पेपर लागतच नाही, साध्या कागदावर चालतं. दुरुस्त दाखला २७ डिसेंबरला मिळाला. त्याच्या एकदम पाच प्रती घ्या. मी एकच घेतली होती.

संक्रांतीनंतर भाऊजी घरी आले. बोलणं गोडच होतं. "तू एकटी बाई, तुला शेतीचं काय कळणार. पोरीच्या लग्नाचं मी बघतो. हक्कसोड करून टाकू, म्हणजे पुढं कटकट नको." जमिनीतला वाटा सोडून दिल्याचे कागद टाईप होऊन तयारच होते. २३ जानेवारी, सोमवार, दुय्यम निबंधकाकडं, म्हणजे दस्त नोंदवतात त्या कार्यालयात, जायचं ठरलं. मी साडी नेसून, आधार कार्ड घेऊन निघालेसुद्धा. सही करायची नाही असं काही माझ्या मनात नव्हतं. मला फक्त तो दिवस संपायला हवा होता. पण त्या दिवशी कार्यालयाचं सर्व्हर बंद पडलं. चार वाजेपर्यंत बाकावर बसून आम्ही परत आलो. पुढं वर्षभर मी सरकारी सर्व्हरला रोज शिव्या दिल्या, पण त्या एका सोमवारसाठी त्याला सगळं माफ.

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी शेजारच्या काकू म्हणाल्या, "चल, तिळगुळाला जाऊ." मी म्हटलं, "मला कोण बोलावतंय आता." त्या म्हणाल्या, "तिथं सगळ्यांना बोलावतात." ते तालुक्यातल्या महिला संघटनेचं होतं. बाजाराच्या मागं दोन खोल्या, वर पत्रा. साठ-सत्तर बायका, त्यात निम्म्या माझ्यासारख्या. प्रत्येकीच्या हातावर तिळगूळ आणि वाण म्हणून एक प्लॅस्टिकची फाईल, बटणाची. मला हसू आलं. वाटी नाही, चमचा नाही, फाईल! तेरा महिने तीच फाईल वापरली, अजून बटण तुटलेलं नाही.

निघताना मी कुणाला तरी सहज सांगितलं की सोमवारी हक्कसोड करायचं होतं, राहिलं. त्या बाईनं हातातला स्टीलचा डबा खाली ठेवला आणि आत हाक मारली, "ताई, जरा इकडं या."

संघटनेची बैठक दर गुरुवारी असते. २ फेब्रुवारी २०२३ ला मी पहिल्यांदा गेले. पन्नास रुपये वर्षाची वर्गणी, पावती मिळते. मला वाटलं होतं, या बायका माझ्या दिराला फोन करतील, दम देतील, काम होईल. तसं काही झालं नाही. ताईंनी माझं सगळं ऐकून घेतलं, रजिस्टरमध्ये लिहिलं आणि विचारलं, "सातबारा आणलास?" नव्हता आणला. "बघितलास कधी?" नव्हता बघितला. "मग पुढच्या गुरुवारी घेऊन ये. मोबाईलवर निघतो, डिजिटल सहीचा, पंधरा रुपये. आठ-अ पण आण. आणि सासरे गेल्यावरचा फेरफार मिळतो का बघ."

ताई साठीच्या पुढच्या आहेत. तरुणपणी १९८६ साली चांदवडच्या शेतकरी महिला अधिवेशनाला गेल्या होत्या, ट्रकमध्ये उभ्यानं. पुढं शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचं काम काढलं. नवऱ्यांनी हयातीतच जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करून द्यायचा. आमच्या ताईंच्या नवऱ्यानं दिला होता. "वीस गुंठे," त्या सांगतात, "सगळा खडक. पण सातबारा माझा." हे त्या प्रत्येक नव्या बाईला सांगतात. पाचव्यांदा ऐकताना कंटाळा येतो, तो भाग वेगळा.

९ फेब्रुवारीला आम्ही सातजणी आपापला सातबारा घेऊन चटईवर बसलो आणि ताईंनी तो वाचायला शिकवला. गाव नमुना सात म्हणजे जमीन कुणाची, बारा म्हणजे पीक कोणतं. आठ-अ म्हणजे एका खात्यावर गावात किती जमीन आहे. गाव नमुना सहा म्हणजे फेरफाराची, म्हणजे जमिनीवरच्या नावांत झालेल्या बदलांची वही. सातबाऱ्यावर प्रत्येक नावाशेजारी जो आकडा असतो तो फेरफाराचा, म्हणजे ते नाव तिथं कुठून आलं त्याचा पत्ता. आणि उजवीकडं खाली एक रकाना असतो, ‘इतर अधिकार’. लोक त्याला इतर हक्क म्हणतात. तिथं बँकेचा बोजा असतो, विहिरीतला वाटा असतो, कूळ असतं.

आमच्या सातबाऱ्यावर त्या रकान्यात दोन नावं होती. आत्याबाईंचं आणि नणंदेचं.

सासरे २००९ मध्ये गेले. तेव्हाच्या फेरफारात वारस म्हणून चौघांची नावं लिहिली होती, पण मालकाच्या रकान्यात चढवले फक्त दोन मुलगे. बायको आणि मुलगी इतर हक्कात. ताई म्हणाल्या, जुन्या सातबाऱ्यांवर हे सर्रास दिसतं. मग त्यांनी माझ्या झेरॉक्सच्या पाठीवर गणित मांडलं. आजच्या कागदाप्रमाणं मिस्टरांचे नव्वद गुंठे. हिंदू वारसा कायदा १९५६ चा. त्याप्रमाणं नवऱ्यामागं बायको, मुलं आणि त्याची आई, सगळ्यांना सारखा वाटा. म्हणजे मला तीस, मुलीला तीस, आत्याबाईंना तीस.

मला तिथंच पहिला धक्का बसला. नवऱ्याचं ते सगळं माझं, अशी माझी समजूत होती. आईसुद्धा वारस असते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मुलाच्या बाबतीत आई पहिल्या वर्गाची वारस, वडील मात्र नाहीत, हे ऐकून तर बाजूची बाई मोठ्यानं हसली.

ताई थांबल्या नाहीत. खाली दुसरं गणित मांडलं. "आता २००९ ची चूक दुरुस्त झाली असं समज. एकशे ऐंशीचे चार वाटे, पंचेचाळीस-पंचेचाळीस. मग तुझ्या नवऱ्याचे पंचेचाळीस, त्याचे तीन वाटे. तुला पंधरा, लेकीला पंधरा." म्हणजे आम्हा मायलेकींचे मिळून साठ गुंठे होते, ते तीसवर आले. आत्याबाईंचे मात्र पंचेचाळीस आणि पंधरा मिळून साठ.

"हे त्यांना सांगायचं की नाही ते तू ठरव," ताई म्हणाल्या. "आम्ही त्यांच्या दारात जाणार नाही. पण उद्या त्या इथं आल्या तर त्यांचाही अर्ज आम्ही लिहू. हे आत्ताच सांगून ठेवते."

तो झेरॉक्स मी फाईलमध्ये सगळ्यात खाली ठेवला. कुणाला सांगितलं नाही.

पुढच्या गुरुवारी वकीलबाई आल्या होत्या. त्या तालुका विधी सेवा समितीच्या यादीवरच्या. बाईला सरकारी खर्चानं वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही, १९८७ च्या कायद्यात आहे. तालुका कोर्टात साधा अर्ज आणि ओळखपत्र द्यायचं. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या ज्या आधी कळायला हव्या होत्या. एक, हक्कसोडपत्र नोंदणीकृत असावं लागतं आणि एकदा केलं की मागं फिरवणं महाकठीण. दोन, अज्ञान मुलीचा वाटा आई असा सही करून सोडू शकत नाही, त्याला कोर्टाची परवानगी लागते. भाऊजींनी टाईप केलेल्या कागदात मुलीच्या वतीनं माझीच सही होती.

भाऊजींना नाही म्हणायला मला आणखी दहा दिवस लागले. फोनवर म्हटलं. समोर म्हणायची हिंमत नव्हती.

अर्जाआधी तालीम झाली. हे मला फार आवडलं होतं. एक बाई तलाठी होऊन खुर्चीवर पाय पसरून बसायची, एकजण अर्जदार, बाकीच्या बघणाऱ्या. आमची ‘तलाठी’ भाजी विकणारी होती आणि इतकी हुबेहूब करायची की अर्जदार खरोखर रडकुंडीला यायची. "उद्या या." "साहेब मीटिंगला गेलेत." "आधी सगळ्यांच्या सह्या आणा." यावर काय म्हणायचं ते पाठ करून घेतलं होतं. "लेखी द्या, साहेब." बस, तीन शब्द. आवाज चढवायचा नाही, रडायचं नाही, हसायचंही नाही.

मी एकदा ताईंना म्हटलं, तुमची तहसीलमध्ये एवढी ओळख आहे, एक फोन करा ना. त्या म्हणाल्या, "ओळखीनं तुझं काम झालं, तर पुढच्या बाईला पुन्हा माझी ओळख लागेल." तेव्हा मला त्यांचा राग आला होता. खरं सांगायचं तर अजूनही वाटतं, एखादा फोन करायला हरकत नव्हती.

१४ मार्चला गावी गेले. जुन्या पेन्शनसाठी राज्यभर संप सुरू झाला होता, कार्यालयाला कुलूप. २१ मार्चला पुन्हा गेले. संप आदल्या दिवशी मिटला होता, पण तलाठ्यांकडं तीन गावांचा कारभार, त्या दिवशी ते दुसऱ्या गावी. त्या चकरेचा एकच फायदा, १७ तारखेपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं होतं. चाळीसच्या जागी वीस. २८ मार्चला भेट झाली. कागद बघितले आणि म्हणाले, "दिराची संमती आणा, मग बघू." माझ्या तोंडाला कोरड पडली. तीन शब्द आठवले, पण पहिल्या खेपेला "लेखी द्याल का?" असं विनवणीसारखं निघालं. त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "अर्ज ठेवून जा." पोच मात्र दिली नाही.

इथं एक लक्षात ठेवा. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं धरा. अर्ज दोन प्रतींत न्यायचा, एकावर शिक्का, तारीख, सही घ्यायची. गावात मिळाली नाही तर तहसीलच्या आवक विभागात द्यायचा. ६ एप्रिलला मी तेच केलं. सोबत दुरुस्त मृत्यू दाखला, सगळ्या वारसांची नावं, वय, नातं लिहिलेलं स्वयंघोषणापत्र, सातबारा, आठ-अ, आधार, रेशन कार्ड. वारसांत मी आत्याबाईंचं नाव लिहिलं. ते लिहायचंच असतं, लपवलं तर अर्ज खोटा ठरतो. मृत्यूनंतर तीन महिन्यांत कळवावं असा नियम आहे. माझे पाच महिने होत आले होते. पण उशीर झाला म्हणून नोंद नाकारता येत नाही. हल्ली ई-हक्क या सरकारी वेबसाइटवरून घरबसल्याही अर्ज करता येतो.

तहसीलबाहेर झाडाखाली एक एजंट बसतो. "पाच हजारात आठ दिवसांत करून देतो," म्हणाला. खोटं का बोलू, त्या उन्हात मला पाच हजार कमीच वाटले. पण पाच हजार नव्हते.

९ मे ला फेरफार नंबर पडला. म्हणजे वहीत नोंद झाली, मंजूर नाही. मग सगळ्या हितसंबंधितांना नोटीस जाते, चावडीवर लागते, पंधरा दिवसांत हरकत घेता येते. कुणी घेतली नाही तर मंडळ अधिकारी, म्हणजे तलाठ्याच्या वरचे साहेब, नोंद प्रमाणित करतात आणि संपलं. बहुतेकांचं इथंच संपतं. माझ्या बाबतीत तेराव्या दिवशी, २२ मे ला, भाऊजींची लेखी हरकत आली. की माझ्या नवऱ्यानं २०१९ मध्ये टेम्पो घेताना जमिनीतला हिस्सा रोख घेतला, आता त्याचा काही वाटा नाही. हरकत आली की प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जातं, त्याला सहा-अ म्हणतात, आणि तारखा लागतात.

हे वाचून मी पहिल्यांदा रडले. मिस्टर गेल्यावरसुद्धा असं रडले नव्हते. माणूस उत्तर द्यायला नाही आणि त्याच्या नावावर हे. त्या गुरुवारी बैठकीत मी बोलूच शकले नाही. कुणीतरी चहा केला. ताई बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "टेम्पोचे सुरुवातीचे पैसे कुठून आणले होते?"

माझ्या पाटल्या! पतसंस्थेत गहाण ठेवल्या होत्या. पावती कपाटात आईच्या पत्राबरोबर होती, पाटल्या सोडवायच्या म्हणून जपलेली. टेम्पो घेतला त्याच्या तीन दिवस आधीची तारीख. वकीलबाई म्हणाल्या, पावती दाखव, बरं दिसेल. पण खरा मुद्दा दुसरा आहे. शंभर रुपयांच्या वरची जमीन अशी तोंडी विकता येत नाही. नोंदणीचा दस्त आहे का, एवढंच विचारायचं.

२० जूनची पहिली तारीख. मंडळ अधिकारी पालखीच्या कामावर. १८ जुलैला भाऊजींनी मुदत मागितली. २२ ऑगस्टला ते आलेच नाहीत. प्रत्येक वेळी माझ्याबरोबर संघटनेची एक बाई असायची, पण ती दारापाशी बसायची. बोलायचं मी. प्रत्येक तारखेनंतर वहीत लिहायचं, किती वाजता गेले, कोण भेटलं, काय म्हणाले. या वहीचा एकदा फार उपयोग झाला. कारकून म्हणाले, मागच्या तारखेला अर्जदार गैरहजर. मी वही उघडून वेळ वाचून दाखवली, त्या दिवशीची सही त्यांच्याच कागदावर सापडली.

त्या चार महिन्यांत गावाकडं कुणी माझ्याशी बोलत नव्हतं. मुलगी सुट्टीत आजीकडं गेली नाही. महालक्ष्म्यांना मला बोलावणं आलं नाही. संजय गांधी निराधार योजनेचं बघावं म्हटलं, तर उत्पन्नाची अट वर्षाला एकवीस हजार. महिन्याचे साडेसतराशे झाले. मी त्याहून जास्तीचे ब्लाउज शिवते, नाहीतर दोघी जेवणार कशा? खोटा दाखला मिळतो म्हणे. मी नाद सोडला.

३ ऑक्टोबरच्या तारखेला आत्याबाई आल्या. नोटीस त्यांनाही जात होती, पण आजवर भाऊजी ती ठेवून घेत. या वेळी पोस्टमननं त्यांच्याच हातात दिली. भाऊजींच्या मोटारसायकलवर मागं बसून आल्या. माझ्याकडं बघितलं नाही. मी पाया पडले तर हात वर झाला नाही.

साहेबांनी भाऊजींना विचारलं, रोख दिल्याचा काही दस्त? नाही. साक्षीदार? गप्प. मग वंशावळ वाचायला घेतली. मयत, मयताची पत्नी, मुलगी, आई. आत्याबाईंना विचारलं, "आजी, सुनेचं आणि नातीचं नाव लावायला तुमची हरकत आहे का?"

आत्याबाई म्हणाल्या, "ते सांगते. आधी माझं नाव कुठं हाय त्ये सांगा."

कारकुनानं सातबारा पुढं घेतला. "तुमचं इतर हक्कात आहे."

"म्हंजी?"

"म्हणजे... नाव आहे, पण मालकाच्या रकान्यात नाही."

आत्याबाईंनी थोडा वेळ त्या कागदाकडं बघितलं. त्यांना वाचता येत नाही. "म्हंजी वसरीवर बसवलंय मला," त्या म्हणाल्या. "त्या रानातले धोंडे मी येचलेत."

कुणी काही बोललं नाही. मग म्हणाल्या, "सुनेच्या नावाला माझी काय बी हरकत न्हाई. लिहून घ्या." आणि अंगठा दिला.

मी तिथं फाईल छातीशी धरून उभी होते. सगळ्यात खाली तो झेरॉक्स होता, पाठीवर गणित असलेला. आठ महिने होता. त्यांना हे मी सांगायला हवं होतं, ते कारकुनानं सांगितलं. मी सांगितलं नव्हतं कारण तीस गुंठे म्हणजे तीस गुंठे. दुसरं कारण मी शोधून बघितलं, सापडलं नाही.

७ नोव्हेंबरला निकाल झाला, हरकत फेटाळली. प्रत २३ ला मिळाली. प्रत हातात आल्याची तारीख लिहून ठेवायची, कारण प्रांताकडं, म्हणजे तहसीलदाराच्या वरच्या अधिकाऱ्याकडं, अपिलाला साठ दिवस असतात. भाऊजींनी अपील केलं नाही. ४ डिसेंबर २०२३ ला मी मोबाईलवर पंधरा रुपये भरून सातबारा काढला. तीन नावं आली होती. आत्याबाई, मी, आणि मुलीच्या नावापुढं ‘अ.पा.क.’ लिहून पुन्हा मी. अज्ञान पालनकर्ती. मुलीला दाखवलं तर म्हणाली, "मी अज्ञान आहे?" तिला समजावायला निकालापेक्षा जास्त वेळ लागला.

वहीतला हिशोब सांगते. एकूण सोळाशे चाळीस रुपये. त्यात प्रतिज्ञापत्राचे ते साडेतीनशे, बाकी एसटी, झेरॉक्स, उतारे आणि जुन्या फेरफाराची नक्कल. एकोणीस चकरा. बुडालेल्या शिलाईचा हिशोब लावला नाही. नाव लागलं म्हणजे वाटणी झाली असं नाही, बांध अजून एकच आहे, वाटणी ही वेगळी पायरी. पण पीक विमा, अतिवृष्टीचं अनुदान, पीक कर्ज यांत आता मला मोजतात. पीएम किसानला १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन नावावर झालेले बसत नाहीत, पण वारसानं आलेली असेल तर चालते. खिडकीवरच्या मुलाला हे माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

८ फेब्रुवारी २०२४, गुरुवार. मी बैठकीत एका नव्या बाईला सातबाऱ्याचे रकाने दाखवत होते. दारात आत्याबाई. एकट्या, एसटीनं आलेल्या. काखेत कापडी पिशवी, पिशवीत सासऱ्यांच्या वेळच्या सगळ्या पावत्या, शेतसाऱ्यापासून. दाराशी चपला काढल्या आणि आत येऊन चटईवर बसल्या, माझ्यापासून दोन हात लांब.

ताईंनी मला ओळखीचं काही विचारलं नाही. रजिस्टर उघडलं, आत्याबाईंकडून पन्नास रुपये घेतले, पावती फाडली. सगळं ऐकून घेतलं. चौदा वर्षांपूर्वीची नोंद, म्हणजे प्रांताकडं अपील, सोबत उशीर माफीचा अर्ज. मुद्दे वकीलबाई बघतील, पण आधी हकिकत लिहून काढायची. आत्याबाई म्हणाल्या, "मला लिवता येत न्हाई."

ताईंनी कोरा कागद आणि पेन माझ्याकडं सरकवलं.

मी फाईलचं बटण उघडलं, खालचा झेरॉक्स काढून आत्याबाईंपुढं ठेवला आणि गणित वाचून दाखवलं. दोन्ही. "हे मला वर्षभरापासून ठाऊक होतं," म्हटलं. त्या कागदाकडं न बघता माझ्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझं कमी हुतंय की यात."

"हो."

"मग लिही नीट. खाडाखोड करू नगंस."

तो अर्ज लिहायला दोन गुरुवार लागले. नणंदेला फोन करून विचारलं, वन्स म्हणाल्या, मला भावाशी वाकडं नको, माझं राहू दे. त्यांच्या वाट्याचं काय ते त्याच ठरवतील. भाऊजींना नोटीस गेली आहे. आत्याबाई अजून त्यांच्याकडंच राहतात, त्यांच्याच घरी जेवतात, आणि तारखेच्या दिवशी सकाळच्या एसटीनं येतात. दोन तारखा झाल्या, एकदा साहेब रजेवर, एकदा दप्तर सापडलं नाही. पोच फाईलमध्ये लावली आहे. वही त्यांची वेगळी केली आहे, लिहिते मी.